भाड्याचे घर आणि निवासयोग्यता : घरमालकाची कर्तव्ये व भाडेकरूचे उपाय

घरांच्या टंचाईची चर्चा बहुधा संख्येच्या भाषेत होते. किती कुटुंबे, किती घरे आणि या दोहोंमधील तफावत किती, एवढ्यावर हिशेब थांबतो. बाराव्या पंचवार्षिक योजनेसाठी अर्थतज्ज्ञ अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये नागरी घरांची टंचाई १ कोटी ८७ लाख ८० हजार इतकी अंदाजली, तेव्हा हा आकडा सर्वत्र उद्‌धृत झाला. त्याची फोड मात्र फारशी कोणी वाचली नाही. या टंचाईपैकी बेघर कुटुंबांचा वाटा केवळ ५ लाख ३० हजारांचा होता. सुमारे १ कोटी ५० लाख कुटुंबे दाटीवाटीने राहणारी होती, २२ लाख ७० हजार कुटुंबे जुनाट व जीर्ण घरांत होती आणि ९ लाख ९० हजार कुटुंबे दुरुस्त होऊ न शकणाऱ्या कच्च्या घरांत होती. याचा अर्थ असा की टंचाईतील बहुसंख्य कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर होते. ते छप्पर राहण्यालायक नव्हते किंवा पुरेसे नव्हते. दुसरीकडे २०११ च्या जनगणनेत नागरी भागातील सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली.

त्याच जनगणनेनुसार नागरी भागातील २७.५ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. स्वतःच्या घरात राहणारा माणूस छत गळू लागले तर ते दुरुस्त करतो, कारण खर्चही त्याचा आणि लाभही त्याचाच. भाड्याच्या घरात खर्च करणारा एक आणि लाभ घेणारा दुसरा, अशी स्थिती असते. घराची देखभाल कोणी करावी, न केल्यास भाडेकरूला काय करता येते आणि कायद्याने दिलेला उपाय प्रत्यक्षात किती उपयोगी पडतो, हे तीन प्रश्न या विषयाच्या केंद्रस्थानी आहेत. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासक्रमात हा विषय राज्यघटना, नागरी प्रशासन आणि अर्थशास्त्र अशा तिन्ही घटकांना स्पर्श करतो.

घटनात्मक स्थान

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या १८ व्या नोंदीत जमीन, जमीनधारणा, घरमालक (जमीनमालक) व कूळ यांचे संबंध आणि खंडवसुली हे विषय आहेत. वरवर पाहता घरभाडेही यातच मोडते असे वाटते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने इंदुभूषण बोस खटल्यात इमारतींच्या भाडेसंबंधांचा आधार समवर्ती सूचीतील मालमत्ता हस्तांतरण व करार या नोंदींत शोधला. छावणी क्षेत्रांचा अपवाद स्वतंत्र आहे. संघसूचीच्या तिसऱ्या नोंदीत छावणी क्षेत्रांतील निवासव्यवस्थेचे विनियमन, भाडेनियंत्रणासह, स्पष्टपणे केंद्राकडे सोपविलेले आहे. प्रत्यक्षात भाडे नियंत्रणाचे कायदे राज्यांनीच केले आणि केंद्राने वेळोवेळी केवळ नमुना कायदे पुढे ठेवले. १९९२ चा नमुना भाडे कायदा आणि २०२१ चा आदर्श भाडेकरू अधिनियम हे दोन्ही या प्रकारचे होत. ते राज्यांवर बंधनकारक नाहीत. २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात भाडे नियंत्रण कायद्यातील सुधारणा ही राज्यांसाठी अनिवार्य सुधारणांपैकी एक होती. अनुदानाच्या अटीतून राज्यांना वळविण्याचा तो प्रयत्न होता.

१८८२ चा पाया

सर्व भाडेसंबंधांचा मूलाधार मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ हा आहे. त्याचे १०८ वे कलम घरमालक व भाडेकरू या दोघांचे हक्क आणि दायित्वे सांगते. विद्यार्थ्यांनी या कलमाचा आरंभ लक्षपूर्वक वाचावा, कारण सारी गोम तेथेच आहे. करारात किंवा स्थानिक रूढीत याविरुद्ध काही नसेल तरच पुढील तरतुदी लागू होतात, असे ते कलम म्हणते.

या कलमानुसार घरमालकाची मुख्य कर्तव्ये तीन आहेत. मालमत्तेत एखादा महत्त्वाचा दोष असेल, तो मालकाला माहीत असेल आणि भाडेकरूला सामान्य काळजी घेऊनही उमगण्याजोगा नसेल, तर तो मालकाने सांगितला पाहिजे. भाडेकरूने मागणी करताच त्याला ताबा दिला पाहिजे. आणि भाडेकरू नियमाने भाडे भरत असेल तोवर त्याचा उपभोग अबाधित राहिला पाहिजे. पहिल्या कर्तव्यात अर्थशास्त्रातील माहितीच्या असमतोलाची ओळखीची समस्या दडलेली आहे. भिंतीला नवा रंग दिलेल्या खोलीत पावसाळ्यात ओल येते की नाही, हे ऑक्टोबरात घर पाहणाऱ्याला कळत नाही. मालकाला ते ठाऊक असते.

घर दुरुस्त ठेवण्याचे सर्वसाधारण कर्तव्य मात्र या तीनांत नाही. इतकेच नव्हे, तर सर्वसाधारण झीज आणि अनिवार्य शक्तीने झालेले नुकसान वगळता घर ज्या स्थितीत मिळाले त्या स्थितीत ठेवण्याचे दायित्व हे कलम भाडेकरूवर टाकते. घर मुळातच वाईट स्थितीत दिले गेले असेल तर ते राहण्यायोग्य करून देण्याची हमी या कायद्यात अध्याहृत नाही. त्या काळच्या इंग्लिश कायद्याचा हा वारसा होय. इंग्लंडने पुढे ही भूमिका सोडली. १९८५ च्या तेथील कायद्याने सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्यात घराचा सांगाडा, बाह्यभाग आणि पाणी, वीज, वायू व मलनिःसारण यांच्या जोडण्या दुरुस्त ठेवणे मालकावर बंधनकारक केले आणि २०१८ च्या कायद्याने घर मानवी निवासाला योग्य असण्याची अट करारातच गृहीत धरली. अमेरिकेत १९७० च्या जॅव्हिन्स खटल्यात कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने निवासयोग्यतेची अध्याहृत हमी मान्य केली. भारतात १८८२ चा मजकूर या बाबतीत तसाच राहिला आणि उणीव भरून काढण्याचे काम राज्यांच्या भाडे नियंत्रण कायद्यांवर आले.

१०८ व्या कलमातील भाडेकरूचे दोन हक्क परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. जी दुरुस्ती करण्यास मालक बांधील आहे ती त्याने सूचनेनंतर वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. दुसरा हक्क आपत्तीसंबंधी आहे. आग, वादळ, पूर, सैन्य किंवा जमावाचा हिंसाचार अथवा अन्य अनिवार्य शक्तीमुळे मालमत्तेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा कायमस्वरूपी निरुपयोगी झाला, तर भाडेकरू आपल्या इच्छेने भाडेपट्टा संपुष्टात आणू शकतो. यातील ‘कायमस्वरूपी’ हा शब्द २०२० मध्ये कोविड टाळेबंदीच्या काळात निर्णायक ठरला. जागा वापरता येत नाही म्हणून भाडे स्थगित करावे, ही मागणी दिल्ली उच्च न्यायालयापुढे आली तेव्हा तात्पुरता वापर बंद होणे या तरतुदीत बसत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. भारतीय संविदा अधिनियमाचे ५६ वे कलम, म्हणजे करार अशक्य झाल्याने संपुष्टात येण्याचे तत्त्व, भाडेपट्ट्याला लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच स्पष्ट केले होते.

राज्यांनी भरलेली पोकळी

मुंबई भाडे नियंत्रण अधिनियम, १९४७ ची जागा घेणारा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याचे १४ वे कलम प्रत्येक घरमालकाला जागा चांगल्या व भाड्याने देण्याजोग्या अवस्थेत दुरुस्त ठेवण्यास बांधील करते. तेथेही ‘भाडेकरूने याविरुद्ध करार केला नसल्यास’ ही अट आहेच. मालकाने टाळाटाळ केल्यास भाडेकरूने, किंवा दुरुस्तीशी संबंधित सर्व भाडेकरूंनी मिळून, किमान १५ दिवसांची लेखी सूचना द्यावयाची. त्यानंतरही वाजवी मुदतीत काम झाले नाही तर ते स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करावयाचा. संयुक्त दुरुस्तीत प्रत्येकाचा वाटा त्याच्या भाड्याच्या प्रमाणात ठरतो. एका वर्षातील वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक होता कामा नये.

दिल्ली भाडे नियंत्रण अधिनियम, १९५८ च्या ४४ व्या कलमाची रचना याहून सूक्ष्म आहे. सामान्य दुरुस्तीसाठी वार्षिक वजावटीची मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एकबारांश, म्हणजे एका महिन्याच्या भाड्याइतकीच आहे. परंतु ज्या दुरुस्तीवाचून जागेत राहणे शक्यच नाही किंवा अतिशय गैरसोयीचे आहे, तिच्यासाठी भाडेकरूने खर्चाचे अंदाजपत्रक देऊन नियंत्रकाची परवानगी घ्यावयाची असते. मग ही मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या निम्म्यापर्यंत वाढते. गैरसोय आणि निवासयोग्यतेचा अभाव यांत फरक करणारी ही तरतूद विचारपूर्वक केलेली दिसते. मात्र १९८८ च्या दुरुस्तीनंतर दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या जागा या कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या. दिल्लीसाठी १९९५ मध्ये संसदेने नवा भाडे कायदा संमत केला, त्याला राष्ट्रपतींची मंजुरीही मिळाली. पण तो कधीच अमलात आणला गेला नाही. कायदा संमत होणे आणि अमलात येणे यांतील अंतराचे उदाहरण म्हणून विद्यार्थ्यांना तो लक्षात ठेवता येईल.

उत्तर प्रदेशाच्या १९७२ च्या कायद्यात करारात विरुद्ध काही नसल्यास घर वारा व पाऊस आत येणार नाही असे राखण्याचे कर्तव्य मालकावर होते. निवासयोग्यतेची इतकी साधी, सर्वांना समजेल अशी व्याख्या अन्यत्र क्वचितच सापडते. त्या राज्याने २०२१ मध्ये या कायद्याच्या जागी नवा कायदा आणला.

वजावटीचे गणित

दरमहा भाडे ३,००० रुपये आहे असे गृहीत धरू. वर्षाचे भाडे ३६,००० रुपये होते. महाराष्ट्रात भाडेकरूला वर्षभरात जास्तीत जास्त ९,००० रुपये वळते करता येतील. दिल्लीत सामान्य दुरुस्तीसाठी ३,००० रुपये आणि नियंत्रकाच्या परवानगीने अत्यावश्यक दुरुस्तीसाठी १८,००० रुपये. नळ, गटार, एखाद्या खिडकीची चौकट अशा कामांना या रकमा पुरू शकतात.

आता मुंबईतील जुन्या चाळीकडे वळू. १९४७ च्या कायद्याने मुंबईतील प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले आणि ते दशकानुदशके तेथेच राहिले. सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात १९९७ मध्ये ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. १९९९ च्या अधिनियमाने दरवर्षी ४ टक्के वाढीची मुभा दिली. एखाद्या खोलीचे भाडे २००० साली दरमहा ३०० रुपये होते असे मानले आणि ही वाढ चक्रवाढीने धरली, तरी २०२५ मध्ये ते सुमारे ८०० रुपये होते. अशा २० खोल्यांच्या चाळीचे वार्षिक भाडे १ लाख ९२ हजार रुपये आणि त्याचा एकचतुर्थांश ४८,००० रुपये. छत, तुळया व जिना यांच्या दुरुस्तीचा खर्च १० लाख रुपये धरला, तर सर्व भाडेकरूंनी एकत्र येऊन तो भाड्यातून वसूल करायला जवळजवळ २१ वर्षे लागतील. १४ व्या कलमातील हक्क येथे कागदावर शाबूत आहे. त्याचे मोल मात्र भाड्याबरोबरच गोठले आहे.

मालकाच्या बाजूनेही हेच गणित उलटे वाचता येते. वर्षाकाठी १ लाख ९२ हजारांच्या उत्पन्नातून कर व अन्य खर्च भागवून १० लाखांची दुरुस्ती करणे त्याला परवडत नाही, आणि परवडत असले तरी तो ती करण्याचे कारण नाही, कारण भाडे वाढणार नाही आणि भाडेकरू जाणार नाही. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात कमाल किमतीच्या परिणामांत तुटवडा प्रथम सांगितला जातो. गृहनिर्माणात त्याहून व्यापक परिणाम दर्जावर होतो. किंमत वाढविता येत नसेल तर विक्रेता वस्तूचा दर्जा उतरवतो आणि घराच्या बाबतीत दर्जा उतरविण्यासाठी काहीच करावे लागत नाही. काही न करणे पुरेसे असते. दरम्यान भाडेहक्काच्या हस्तांतरणात पागडी म्हणून मोठ्या रकमा हातोहात फिरत राहिल्या. त्यातील मालकाचा वाटा त्याच्या खिशात गेला, इमारतीच्या भिंतीत क्वचितच.

केवळ भाडे मोकळे केल्याने मात्र जुना प्रश्न सुटत नाही. मुक्त भाड्याच्या बाजारातही निकृष्ट खोल्या असतात आणि त्यांत राहणारेही असतात. गरीब भाडेकरूकडे दुसरी खोली शोधण्यासाठी लागणारा वेळ, अनामत रक्कम आणि ओळख नसते, म्हणून तो वाईट खोलीतच राहतो. भाडे नियंत्रणाने दुरुस्तीची प्रेरणा संपविली हे खरे. पण नियंत्रण नसलेल्या ठिकाणी ती आपोआप निर्माण झाली असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

उपकर, मंडळ आणि सामूहिक उपाय

मालक व भाडेकरू या दोघांनाही दुरुस्ती अशक्य झाली तेव्हा महाराष्ट्र शासनाने तिसरा मार्ग काढला. १९६९ च्या कायद्याने मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले आणि पुढे ते १९७६ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या म्हाडाचा भाग झाले. बेटावरील मुंबईच्या जुन्या खासगी इमारतींवर दुरुस्ती उपकर बसविला गेला. सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि १९५१ ते १९६९ मधील ‘क’ वर्गात मोडतात. उपकर भरणाऱ्या इमारतीची संरचनात्मक दुरुस्ती मंडळाने ठरावीक खर्चमर्यादेत करावयाची आणि मर्यादेबाहेर गेल्यास पुनर्रचनेचा मार्ग धरावयाचा, अशी ही रचना आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत हा सक्तीच्या विम्यासारखा उपाय होय. चांगल्या इमारतींचे रहिवासी वाईट इमारतींच्या दुरुस्तीचा भार उचलतात.

आरंभी उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९ हजारांहून अधिक होती. पुनर्रचना, पुनर्विकास आणि पडझड यांमुळे ती पुष्कळ घटली असली तरी हजारो इमारती अद्याप उभ्या आहेत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजार परिसरातील हुसैनी इमारत कोसळून ३० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तर जुलै २०१९ मध्ये डोंगरीत पुन्हा तशीच दुर्घटना घडली. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर एक प्रश्न विचारला जातो : इमारत धोकादायक आहे हे माहीत असूनही लोक तेथे का राहतात? उत्तर भाडेहक्कात आहे. बृहन्मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या ३५४ व्या कलमान्वये आयुक्त धोकादायक इमारत रिकामी करण्याची सूचना देऊ शकतात. जीव वाचविण्यासाठी असलेली ही सूचना भाडेकरूला घर जाण्याची सूचना वाटते. घर सोडले आणि इमारत पाडली गेली तर हक्क उरेल काय, या शंकेने तो थांबतो.

या शंकेचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनशी खिमजी खटल्यात दिले. सांगलीतील एका इमारतीचे हे प्रकरण होते. महापालिकेने ती पाडली होती. इमारत नष्ट झाल्याने भाडेहक्क आपोआप संपत नाही, असे त्रिसदस्यीय पीठाने ठरविले आणि २००० सालचा याविरुद्धचा निर्णय चुकीचा मानला. निवासयोग्यतेच्या अभ्यासात हा निर्णय फार महत्त्वाचा आहे, कारण सुरक्षितता व भाडेहक्क यांपैकी एकाची निवड करण्याची पाळी भाडेकरूवर येऊ नये, हे तत्त्व त्यातून निष्पन्न होते. प्रत्यक्षात पुनर्विकास वर्षानुवर्षे रखडतो तेव्हा संक्रमण शिबिरात राहणाऱ्याला या तत्त्वाचा आधार किती वाटत असेल, हा वेगळा मुद्दा आहे.

मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणे त्याच अधिनियमाच्या ३५३-ब कलमाने बंधनकारक आहे. दुरुस्तीचा वाद न्यायालयात पोहोचण्यापूर्वी तांत्रिक पुरावा हाती असणे भाडेकरूच्या हिताचे असते.

भाडे थांबविणे हा उपाय नव्हे

मालक दुरुस्ती करीत नाही म्हणून भाडे देणेच बंद करावे, असा सल्ला शेजारीपाजारी सर्रास दिला जातो. तो घातक आहे. कायदा ठरावीक मर्यादेत, सूचनेनंतर आणि प्रत्यक्ष केलेल्या खर्चाची वजावट मान्य करतो. संपूर्ण भाडे रोखले तर भाडेकरू थकबाकीदार ठरतो आणि थकबाकी हे निष्कासनाचे सर्वांत सोपे कारण आहे. महाराष्ट्रात मालकाने लेखी मागणी केल्यानंतर ९० दिवस उलटल्यावरच दावा दाखल करता येतो, एवढी उसंत १५ व्या कलमाने दिली आहे.

पाणी वा वीज तोडणे हा याच नाण्याचा मालकाकडील प्रकार. भाडेकरूने स्वतःहून निघून जावे म्हणून जिन्यातील दिवे बंद करणे, पाण्याचा पंप न चालविणे असे प्रकार होतात. महाराष्ट्राच्या अधिनियमाचे २९ वे कलम पाणी, वीज, जिन्यातील व बोळातील दिवे, उद्‌वाहन आणि स्वच्छताविषयक सेवा यांना अत्यावश्यक ठरवून त्या पुरेशा कारणावाचून तोडण्यास मनाई करते. न्यायालय त्या पूर्ववत करण्याचा आदेश देऊ शकते आणि असे कृत्य दंडनीय अपराधही आहे. मुंबई, पुणे व नागपूर येथे हे वाद लघुवाद न्यायालयांपुढे चालतात.

परवानाधारक कोठे उभा आहे?

महाराष्ट्रातील शहरांत आज नव्याने भाड्याने घर घेणारा बहुतांश माणूस कायद्याच्या अर्थाने भाडेकरू नसतोच. तो लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारा परवानाधारक असतो. परवान्याची व्याख्या भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या ५२ व्या कलमात आहे आणि परवान्याने मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. त्यामुळे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे १०८ वे कलम किंवा भाडेकरूसाठी असलेले दुरुस्तीचे हक्क परवानाधारकाला तसेच मिळत नाहीत. त्याच्या वाट्याला सुविधाधिकार अधिनियमाची ५७ व ५८ ही दोन कलमे येतात. परवानाधारकाच्या जिवाला किंवा वस्तूंना धोका पोहोचविणारा जो दोष मालकाला माहीत आहे आणि परवानाधारकाला नाही, तो उघड करणे आणि जागा असुरक्षित होईल असे काही न करणे, इतकेच मालकाचे कर्तव्य त्यांत आहे. बाकी सर्व काही करारावर.

म्हणूनच करारातील दुरुस्तीविषयक कलम हेच परवानाधारकाचे खरे संरक्षण होय. ११ महिन्यांचा छापील करार करताना भाडे आणि अनामत यांवर घासाघीस होते. गळती, विजेच्या तारा, सांडपाण्याचे नळ यांची जबाबदारी कोणाची, हा परिच्छेद न वाचताच सही केली जाते. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून देशभर ११ महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या अधिनियमाच्या ५५ व्या कलमान्वये लेखी करार व त्याची नोंदणी मुदत कितीही असो अनिवार्य आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदविलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ही तरतूद फारशा लोकांना माहीत नसते.

अल्प मुदतीच्या करारात आणखी एक अडचण आहे. तक्रार करणाऱ्याचा करार पुढे वाढविला जात नाही. हक्क वापरण्याची किंमत घर गमावणे ही असेल तर विद्यार्थी, स्थलांतरित कामगार, एकटी राहणारी नोकरदार स्त्री हे लोक गळक्या छताखाली बादली ठेवून गप्प राहणे पत्करतात. कायद्यातील कर्तव्य आणि त्याच्या अंमलबजावणीचा खर्च यांचा एकत्र विचार केल्याशिवाय या वर्तनाचा उलगडा होत नाही.

आदर्श भाडेकरू अधिनियम, २०२१

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी संमत केलेल्या या नमुना कायद्याचे दुरुस्तीविषयक १५ वे कलम व दुसरी अनुसूची अभ्यासण्याजोगी आहेत. अनुसूचीत कामांची वाटणी केली आहे. भाडेकरूने केलेले नुकसान वगळता सांगाड्याची दुरुस्ती, भिंतींना चुना, दारे-खिडक्यांना रंग, नळवाहिन्या बदलणे आणि विजेच्या अंतर्गत व बाह्य तारा ही मालकाची कामे. नळ व त्याचे वॉशर, गटारसफाई, शौचकूप व हात धुण्याचे भांडे, गीझर, बटणे व सॉकेट, कुलपे, खिडक्यांच्या काचा, डासांच्या जाळ्या ही भाडेकरूची. वाद बहुधा अशाच किरकोळ वस्तूंवरून पेटतात. म्हणून ही यादी क्षुल्लक मानू नये.

मालकाने आपल्या वाट्याची कामे नाकारल्यास भाडेकरू ती करून पुढील महिन्यांच्या भाड्यातून खर्च वळता करू शकतो. कोणत्याही महिन्यातील वजावट मासिक भाड्याच्या निम्म्याहून अधिक असता कामा नये. वरील ३,००० रुपयांच्या उदाहरणात ही रक्कम दरमहा १,५०० आणि वर्षभरात १८,००० रुपयांपर्यंत जाते. दुरुस्तीवाचून घर राहण्यायोग्य नसेल आणि लेखी कळवूनही मालक नकार देत असेल, तर १५ दिवसांच्या लेखी सूचनेने घर सोडण्याचा हक्क भाडेकरूला आहे. आपत्तीमुळे घर निवासयोग्य राहिले नाही तर ते पूर्ववत होईपर्यंत मालकाने भाडे आकारू नये, हीही तरतूद आहे. १८८२ च्या कायद्यातील ‘कायमस्वरूपी’ या शब्दाने जी फट ठेवली होती, ती येथे बुजविलेली दिसते. निवासी जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक असू नये, हा नियमही निवासयोग्यतेशी निगडित आहे; मोठी अनामत अडकलेली असेल तर घर सोडण्याचा हक्क नुसता नावापुरता उरतो.

तक्रारींसाठी उपजिल्हाधिकारी दर्जाचे भाडे प्राधिकरण, त्यावर भाडे न्यायालय आणि जिल्हा किंवा अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांचे भाडे न्यायाधिकरण अशी त्रिस्तरीय यंत्रणा सुचविली आहे. महसुली अधिकाऱ्यांवरील कामाचा बोजा पाहता साठ दिवसांत निकाल देण्याची अपेक्षा कितपत पाळली जाईल, याविषयी साशंक राहणे योग्य ठरेल. अधिनियम पुढील करारांनाच लागू होतो. म्हणजे मुंबईच्या चाळींचा, कोलकात्याच्या जुन्या वाड्यांचा प्रश्न त्याच्या कक्षेत येतच नाही.

तामिळनाडूने या दिशेचा कायदा २०१७ मध्येच केला होता व तो २०१९ मध्ये अमलात आला. उत्तर प्रदेश व आसाम यांनी २०२१ मध्ये नवे कायदे केले. अंदमान व निकोबार, लक्षद्वीप आणि दादरा व नगर हवेली व दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशांसाठी २०२३ मध्ये घटनेच्या २४० व्या अनुच्छेदाखाली भाडे विनियम आणले गेले. महाराष्ट्रात १९९९ चा अधिनियमच लागू आहे.

मानकांची मर्यादा

सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या शांतिस्टार बिल्डर्स खटल्यात आणि १९९६ च्या चमेली सिंह खटल्यात २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात योग्य निवाऱ्याचा समावेश केला. दोन्ही निकालांत निवारा म्हणजे केवळ छप्पर नव्हे, ही जाणीव आहे. तरीही हे मानक प्रत्येक भाड्याच्या खोलीला कठोरपणे लावले तर काय होईल, याचा विचार करावा लागतो. सामायिक शौचालयाची, एकच खिडकी असलेली खोली अयोग्य ठरवून बंद केली तर तेथील कामगार त्याहून वाईट जागी जाईल, कारण चांगल्या खोलीचे भाडे त्याला परवडत नाही. पडणारी तुळई, उघडी वीजतार, दूषित पाणी यांबाबत तडजोड नसावी; क्षेत्रफळ, स्वतंत्र शौचालय, रंगरंगोटी यांबाबत टप्प्याटप्प्याने मानक उंचावणे शहाणपणाचे. दिल्लीच्या १९५८ च्या कायद्याने दोन प्रकारच्या दुरुस्तींत केलेला फरक या दृष्टीने अजूनही उपयुक्त आहे.

पुरवठ्याच्या बाजूने जुलै २०२० मध्ये परवडणाऱ्या भाडे संकुलांची योजना मंजूर झाली. शासकीय निधीतून बांधलेली रिकामी घरे स्थलांतरितांना भाड्याने देणे आणि खासगी व सार्वजनिक संस्थांना स्वतःच्या जमिनीवर अशी संकुले बांधण्यास उत्तेजन देणे, हे तिचे दोन भाग होते. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (नागरी) २.० मध्येही परवडणारी भाड्याची घरे हा स्वतंत्र घटक आहे. अशा संकुलांत घरमालक ही एखादी संस्था असते आणि देखभालीचे काम सवलतदाराकडे सोपविलेले असते. तेथे छत गळल्यास भाडेकरूने सूचना कोणाला द्यावयाची, पालिकेला, सवलतदाराला की दोघांनाही, हे भाडेकराराच्या पहिल्याच पानावर लिहिलेले असले पाहिजे.